आभाळ खालून लावतात

पाऊस वरून पडत होता, बाजूनं येत होता, आणि वाटेच्या दोन्ही अंगांच्या झुडपांतून गळतही होता. वायपर थकून गेले होते. वरच्या आणि खालच्या हॅडो या गावांमधल्या त्या अरुंद वाटेवर, अगदी शेवटच्या वळणाला, माझ्या छोट्या लाल गाडीच्या नाकासमोर चिखलानं माखलेली एक जीप येऊन उभी राहिली. मागे ट्रेलर.

मी थांबले. तोही थांबला.

आमच्याकडे अशा वाटेचा एक रिवाज आहे. साइड द्यायची जागा ज्याच्या पाठीमागे जवळ, त्यानं मुकाट रिव्हर्स घ्यायचा. दुसऱ्यानं पुढे जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बस, एवढंच. शब्द नाही, हसू नाही – एक बोट. पण ते बोट ज्यानं उचललं नाही, त्याचं नाव संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत झालेलं असतं.

साइडची जागा माझ्या पाठीमागे जवळ होती. मला ते ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं.

पण माझ्या मागच्या सीटवर छतापर्यंत ट्रे रचलेले होते, आणि त्या ट्रेंमध्ये ओल्या फडक्याखाली हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्या. आरशात मागची वाट दिसतच नव्हती. दिसत होतं ते नुसतं निळं निळं... आणि दुसरं म्हणजे, आम्ही हॅलम घराण्यातली माणसं तशीही मागे जात नाही.

जीपचं दार उघडलं. उंच, खांद्यांनी रुंद असा एक जण उतरला, टोपीच्या कडेवरून पाणी गळतंय अशा अवस्थेत माझ्या खिडकीशी आला आणि काचेवर हलकेच टकटक केलं. मी काच जेमतेम आवाज येईल एवढी खाली केली.

“जरा मागे घेता का?”

“मला मागचं दिसत नाही.”

“मी मागे उभा राहतो. सांगतो तसं या.”

“आणि तुमच्या अंगावर आले तर?”

“तर निदान ओळख तरी होईल,” तो म्हणाला.

मला हसू आलं होतं, पण ते मी गालातच अडवलं. मग तो म्हणाला की हवं तर तो स्वतः माझी गाडी मागे नेऊन देतो. मी म्हटलं, माझ्या गाडीला परक्याचा हात चालत नाही. त्यानं गाडीकडे खालीवर पाहिलं, अगदी गंभीरपणे, आणि विचारलं, “चावते का?”

“ओळख नसली तर.”

आता हसायची पाळी त्याची होती. पावसात उभं राहून, मान मागे टाकून हसला तो. आणि हसता हसता त्याची नजर मागच्या सीटवर गेली. फडक्याच्या कडेखालून निळं डोकावत होतं. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

“वरच्या हॅडोच्या का तुम्ही?”

“विनिफ्रेड हॅलमची भाची,” मी मान ताठ करून म्हटलं.

“तरीच,” तो म्हणाला.

बाकी काही नाही. नुसतं – तरीच. त्याच्या बोलण्यातली ती शेवटाला लांबवायची ढब ऐकूनच मला कळलं होतं की हा खालच्या हॅडोचा. त्यात हे ‘तरीच’. कानाची पाळी तापली माझी.

तो जीपमध्ये बसला आणि रिव्हर्स घेऊ लागला. ट्रेलर मागे लावून, पावसात, त्या नागमोडी वाटेवरून... एक हात स्टिअरिंगवर, डोकं खिडकीबाहेर. सुईत दोरा ओवावा तशी त्यानं ती लांबलचक जोडी वळणातून मागे मागे नेली आणि पार दूरच्या फाटकाशी, गवताच्या कडेला अलगद लावली. मी शेजारून गेले. त्यानं खिडकी उघडी ठेवली होती. तो वाट पाहत होता.

बोट उचलायला हवं होतं. पण त्या बोटावर ते ‘तरीच’ बसलं होतं. मी बोट उचललं नाही.

आत्या शेडच्या दारातच उभी होती. गालाला ओल्या मातीचा ठिपका, एप्रनच्या खिशात अळशीच्या बिया, आणि डोळ्यांवर यंदा सायीसारखा पातळ पडदा. गाडीच्या आवाजावरूनच तिनं मला ओळखलं. “उशीर केलास गं. बाकीचं सगळं सुरू झालंय. एक आभाळ तेवढं राहिलंय.”

दर जुलैत आमच्या गावचा झरा सजवतात. मोठ्या लाकडी पाट्यांवर ओली माती थापायची, त्या मातीत टोचणीनं चित्र टोचून घ्यायचं, आणि मग त्यात पाकळ्या, बिया, साली, शेवाळ बोटांनी दाबत जायचं. रंग नाही, कागद नाही. जमिनीतून जे उगवलं तेवढंच. शनिवारी दुपारी पाटी झऱ्यावर उभी करतात, पाद्री पाण्याला आशीर्वाद देतो, आणि आठवडाभर आजूबाजूची माणसं येऊन बघून जातात. खालच्या गावचाही झरा आहे. त्यांचंही चित्र असतं. आणि आशीर्वाद होईपर्यंत एका गावच्या माणसानं दुसऱ्या गावच्या शेडचा उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम आमच्या आज्यांच्याही आज्यांपासूनचा.

वरच्या गावचं चित्र काढायचा मान आमच्या घराचा. आत्यानं दोन्ही गावांच्या एकुलत्या शाळेत जन्मभर शिकवलं, लग्न केलं नाही, आणि दर वर्षी चित्र काढलं. यंदाचं चित्र नोहाच्या नौकेचं होतं. प्रलय ओसरलेला, कबुतर परत येतंय, आणि वर हे एवढं निवळलेलं निळं आभाळ.

गावातले सगळ्यात जुने कारभारी अँब्रोज फ्लेचर. त्यांनी सभेत विचारलं होतं, डोळे अधू झालेल्या बाईनं चित्र काढायचं आणि शहरातून येणाऱ्या पोरीनं आभाळ लावायचं, हे कसं चालेल? तेव्हा आत्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, “आभाळ ब्रायनीच लावेल. पावसात टिकलं तर पुढच्या वर्षीचं चित्रही तीच काढेल. नाही टिकलं, तर ही टोचणी मी तुमच्या हातात देईन.”

हे मला त्या दिवशी ट्रे उतरवताना शेजारच्या बायकांकडून कळलं. आत्यानं स्वतःहून सांगितलं ते वेगळंच. आमच्या साठवणीच्या मातीची टाकी उन्हाळ्यात कधीतरी गळली आणि माती दगडासारखी झाली. मग तिनं पहिल्यांदाच, दात-ओठ खाऊन, आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे निरोप धाडला. खालच्या गावचा जेथ्रो वॅगस्टाफ सकाळपासून मातीच्या खेपा घालत होता.

“शेवटची खेप टाकून आत्ताच गेला बघ. ट्रेलर होता मागे. वाटेत भेटला असेल.”

“भेटला,” मी म्हटलं.

“बोट उचललंस ना?”

मी ट्रेवरचं फडकं नीट करू लागले. आत्याचे डोळे अधू झाले होते, कान नाही. माझं गप्प राहणं तिनं पुरतं ऐकलं.

“माती घेतली आपण,” ती म्हणाली, “माती काय, जमिनीची असते. निळं मात्र आपलं आपणच आणायचं.”

त्या निळ्याची गोष्ट अशी की आमच्या चुनखडीच्या जमिनीत हायड्रेंजिया लावला तर तो गुलाबी फुलतो. कितीही लाडानं वाढवा, गुलाबीच. आणि खालच्या गावच्या काळ्या, आंबट मातीत तेच रोप निळंशार होतं. कुंपणाकुंपणाला निळ्याचे ढीग असतात त्यांच्याकडे. वरच्या हॅडोनं ते कधी मागितले नाहीत, आणि खालच्यांनी कधी देऊ केले नाहीत. म्हणून लेस्टरमधल्या माझ्या बाल्कनीत कुंड्या आहेत. आंबट माती घालून, पावसाचं पाणी साठवून, वर्षभर लेकरासारख्या सांभाळलेल्या. आमचं आभाळ त्या कुंड्यांत उगवतं.

संध्याकाळी आत्यानं मला आपली खुर्ची दिली.

खिडकीशेजारची, उंच पाठीची ती खुर्ची. तीत आत्याशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पाटी आडवी ठेवलेली, भोवती बायका, कुणी नौकेच्या फळ्यांना साली लावतंय, कुणी कबुतराच्या पंखाला मेथीएवढ्या बिया. मी खुर्चीत बसले तेव्हा पाठ आपोआप ताठ झाली. बायका आमचं नेहमीचं गाणं म्हणत होत्या –

पहिली पाकळी पायाशी, दुसरी तिच्या खांद्याशी,
पाऊस येईल भेटीला, वाट दे त्याला काठाशी...

मीही म्हणत होते. म्हणत होते आणि लावत होते. पाकळीवर पाकळी, ओळीवर ओळ, माझ्यापासून सुरू करून पलीकडे. बोटांना थंडी वाजत होती, छपरावर पाऊस वाजत होता, आणि मधूनच कशी कोण जाणे, टोपीच्या कडेवरून गळणारं पाणी आठवत होतं. मान मागे टाकून हसणारं कुणीतरी. मी ते आठवणं थांबवलं नाही.

शनिवारी सकाळी उरलेलं आभाळही भरत आलं तेव्हा दारात सावली पडली. जेथ्रो मातीचे रिकामे टब न्यायला आला होता. उंबऱ्याच्या बरोबर बाहेर, छपराच्या धारेखाली उभा. आतून कुणीतरी त्याला बजावलं की मान आत आली तरी पाय आला असं धरू. तो म्हणाला, मान माझी लांब आहे त्याला मी काय करू, आईला विचारा.

टब द्यायला मीच गेले. म्हणजे... दुसरं कुणी उठायच्या आत मी उठले होते.

“काल –” मी म्हटलं.

“काल काय?”

“काल पाऊस फार होता.”

“हो ना,” तो म्हणाला, “बोटंसुद्धा गारठली असतील एखाद्याची.”

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे त्याचे करडे होते, पावसाच्या रंगाचे, आणि त्यांच्या कोपऱ्यात हसू दडून बसलं होतं. आता मी धन्यवाद म्हणणारच होते. शब्द ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्या खांद्यावरून टेबलाकडे गेली, आणि हसू विझलं.

“आभाळ कुणी लावलं?” त्यानं आवाज अगदी खाली आणून विचारलं.

“मी.”

“त्या खुर्चीत बसून?”

“ती माझ्या आत्याची खुर्ची आहे.”

“माहीत आहे. बाई तीत बसून नक्षी टोचतात. पण ती माथ्याकडची खुर्ची आहे, ब्रायनी.” त्यानं हनुवटीनं पाटीकडे दाखवलं. “तू आभाळ वरून खाली लावलंयस.”

हे त्यानं इतकं हळू म्हटलं की पावसाच्या आवाजाखाली ते फक्त मला ऐकू आलं. त्यानं माझं नाव कुणाला विचारलं असेल, हेही त्याच क्षणी मनात आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“आमच्या आभाळाची काळजी खालच्यांनी करू नये.”

त्यानं टब उचलले. निघाला. त्याच्या टोपीवर पाऊस पडताना मला दिसत राहिला, कुंपणाच्या वळणापर्यंत.

मी टेबलाशी परत आले. चहाचा कप विसळला, त्यात थोडं पाणी घेतलं आणि आभाळाच्या एका कोपऱ्यावर माथ्याकडून हळूच सोडलं. पाणी कौलांवरून घसरतं तसं पाकळीवरून घसरायला हवं होतं. ते घसरलं नाही. पाकळीखाली शिरलं. माती गिळत गेली, आणि कडेच्या पाकळ्या एकेक करून उचलल्या गेल्या, जणू माझ्याकडेच बघायला.

गाणं म्हणत म्हणत मी चुकले होते. पाटी आडवी असते तेव्हा आपण ज्या बाजूला बसतो ती बाजू आपल्याला पायाची वाटते. मी मानाच्या खुर्चीत बसले होते, माथ्याशी, आणि माझ्या जवळचं ते पायथ्याचं समजून चालले होते. दुपारी पाटी उभी राहिली असती, आणि ह्या पावसात अँब्रोज फ्लेचरच्या डोळ्यांसमोर आभाळ सोलून खाली आलं असतं.

आत्याला सांगितलं. ती उठून आली, हात आभाळावरून फिरवला, वरून खाली. पाकळ्यांच्या कडा तिच्या नखांत अडकल्या. शेडमधलं गाणं थांबलं.

“खुर्चीचा मान दिला मी,” आत्या म्हणाली, “दिशा सांगायची राहिली.” मग लगेच, जशी वर्गात विचारत असेल तशी, “सगळं काढावं लागेल. काढलेल्या पाकळ्या फाटणार. निळं किती उरलंय?”

“मूठभर.”

कुणीतरी म्हणालं, गुलाबी लावू. कुणीतरी म्हणालं, प्रलयानंतर गुलाबी आभाळ कुणी पाहिलंय. मी हात धुतले.

“मी निळं घेऊन येते.”

“कुठून?” आत्यानं विचारलं. तिला ठाऊक होतं कुठून. तिनं खिडकीकडे तोंड केलं, दिसत काही नव्हतं तरी.

“मी तुला जा म्हणणार नाही,” ती म्हणाली. “पण अडवणारही नाही.”

उतारावरून गाडी निघाली तेव्हा मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आम्हाला थोडी गरज होती – नको. तुमच्याकडे जास्तीचं असेल तर – तेही नको. विनिफ्रेड हॅलमच्या भाचीनं कुणाच्या दारात काय म्हणून उभं राहायचं? प्रत्येक वाक्य मी अर्ध्यावरच टाकून देत होते. आणि त्याच शेवटच्या वळणाला, त्याच झुडपांच्या मध्ये, समोरून तीच चिखलाची जीप.

या वेळी ट्रेलर नव्हता. मी थांबले. तोही थांबला. या वेळी मी उतरले. पावसात भिजत त्याच्या खिडकीशी गेले आणि काचेवर टकटक केलं.

“कुठे निघालीस?” त्यानं विचारलं.

“तुझ्याकडे. मागायला.”

“काय?”

त्याला कळलं होतं. पण त्यानं मला ते सोपं करून दिलं नाही, आणि खरं सांगू, ते मला आवडलं. भीक घातल्यासारखं त्यानं काही पुढे केलं नाही.

“निळं,” मी म्हटलं. एवढा जड शब्द त्याआधी माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

त्यानं अंगठ्यानं मागे दाखवलं. मागची सीट छतापर्यंत भरली होती. ओल्या फडक्याखाली निळ्याचे ट्रेच्या ट्रे.

“आणि तुमचं चित्र?”

“आमच्या चित्रातला मेंढपाळ यंदा पावसात उभा आहे. आभाळ दगडफुलाचं केलं. करडं. सकाळपर्यंत निळं ठरलं होतं.”

“गावानं ऐकलं?”

“आईनं आधी मला वेडा म्हटलं. मग विचारलं, पोरगी कशी आहे. मग तिनंच ट्रे भरले.”

“काय सांगितलंस... कशी आहे म्हणून?”

“म्हटलं, चावते. ओळख नसली तर.”

पावसाचं पाणी माझ्या मानेवरून आत उतरत होतं आणि मला थंडी वाजत नव्हती.

या वेळी साइडची जागा त्याच्या पाठीमागे जवळ होती. पण त्याच्या आरशात आता निळं होतं, माझा आरसा मोकळा. तरी त्यानं हात गिअरवर टाकला. मी म्हटलं, थांब.

गाडीत बसले आणि मी रिव्हर्स घेतला. डावं चाक गवताच्या चरात उतरलं, मग वर आलं. झुडपांनी दोन्ही दारांवर काट्यांच्या रेघा ओढल्या. एकदा गाडी बंद पडली. वळणावर मी इतकी तिरकी झाले की वाटच दिसेना, दिसली ती एक मेंढी, आणि तिला माझ्याबद्दल काय वाटलं ते तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. जेथ्रो उतरला नाही. हात करून डावं-उजवं दाखवलं नाही. हॉर्न दिला नाही. तो नुसता बसून राहिला, आणि माझी गाडी मला मागे घेऊ दिली.

फाटकाशी पोहोचले तेव्हा मला वाटलं, मी समुद्रच ओलांडून आले.

तो शेजारून गेला. स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. आणि मी – कालचं एक राहिलेलं, आजचं एक – दोन्ही मिळून दोन बोटं उचलली.

आमच्या देशात अशी तळहात आपल्याकडे करून दोन बोटं दाखवणं म्हणजे सरळसरळ शिवी. ती उचलल्यावर मला आठवलं.

जीप पुढे जाऊन बंद पडली. आत तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. खांदे गदगदत होते त्याचे.

शेडच्या उंबऱ्यापर्यंत त्यानं ट्रे आणून दिले आणि बाहेरच थांबला. आत अँब्रोज फ्लेचर आले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, आणि सोललेल्या पाटीकडे बघत होते. माती उघडी पडली होती. आत्यानं बोटांनी एक पाकळी चाचपली, नाकाशी नेली. मग दाराकडे तोंड केलं.

“जेथ्रो, पाय पुसून आत ये.”

अँब्रोज खाकरले. म्हणाले, विनी, आशीर्वाद व्हायचाय अजून.

“मी दोन्ही गावांना एकाच फळ्यावर पाढे शिकवले,” आत्या म्हणाली. “आज हात कमी पडतायत, त्यातला एक मला हाताशी हवाय. वेळ नाही माझ्याकडे.”

त्यानं पाय पुसले. फार वेळ पुसले. मग उंबरा ओलांडला.

आम्ही पायथ्याशी बसलो, शेजारी शेजारी, बाकावर. त्याच्या लोकरी स्वेटरला ओल्या मेंढीचा आणि मातीचा वास होता. तो पाकळ्या निवडून माझ्या तळहातावर ठेवी, मी लावी. मग मी निवडू लागले आणि तो लावू लागला. खालून वर, खालून वर. बायकांनी गाणं पुन्हा धरलं, या वेळी जरा मोठ्यानं, आणि ‘दुसरी तिच्या खांद्याशी’ आलं की कुणीतरी खसखसायचं.

“जवळ सरक,” तो म्हणाला, “हात पोचत नाही.”

“किती जवळ?”

“पाकळीवर पाकळी येते तेवढं.”

मी सरकले. तेवढीच. एक तसूभरही जास्त नाही... बरं, एक तसूभर जास्त.

दुपारी गड्यांनी पाटी झऱ्यावर उभी केली. छत्र्यांचं वर्तुळ झालं. पाद्रीबुवा प्रार्थना म्हणत होते पण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळं गाव पाऊस बघत होतं. पाऊस आभाळाच्या माथ्यावर आला. पहिल्या ओळीवर थबकला. आणि मग एका पाकळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, पायऱ्या उतराव्यात तसा उतरत काठाशी गेला आणि झऱ्यात पडला. निळं भिजून आणखी निळं झालं. आत्यानं माझं मनगट धरलं होतं.

“काय होतंय गं?”

“वाट मिळाली त्याला,” मी म्हटलं.

अँब्रोज फ्लेचर काठी टेकत पुढे आले. बराच वेळ पाहत राहिले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हे असं निळं खालच्यांना जन्मात जमायचं नाही.”

गर्दीत समाधानाची कुजबुज झाली. जेथ्रो मागे, भिंतीला टेकून उभा होता. टोपी पुढे ओढलेली. तो काही बोलणार नव्हता. आत्याची टोचणी तिच्या खिशात होती, पुढचं वर्ष माझ्या हातात आलेलं होतं; मी गप्प बसले असते तर ते तसंच राहिलं असतं. पण आत्याचं बोट माझ्या मनगटावर होतं, आणि ताठ मानेनं कसं उभं राहायचं हे मी तिच्याकडूनच शिकले होते.

“यातलं जवळजवळ सगळं निळं खालच्यांचंच आहे,” मी म्हटलं. “आभाळ मी आधी उलटं लावलं होतं. ज्यानं ते ओळखलं आणि स्वतःच्या गावचं आभाळ काढून दिलं, तोही खालचाच. चित्र वरच्या हॅडोचं आहे. आभाळ दोघांचं.”

छत्र्यांवरून पाणी ठिबकत होतं. मी आत्याकडे पाहिलं. तिची हनुवटी वर गेली होती, शाळेच्या बक्षीस समारंभात जायची तशी.

अँब्रोजनी टोपी काढली. पावसात टक्कल भिजू दिलं. पुन्हा घातली.

“मग पुढच्या वर्षी वेळेवर मागून ठेव,” ते मला म्हणाले. “असं ऐनवेळी पळापळ नको.”

रविवारी निघताना आत्यानं जॅमची बाटली दिली, अंड्यांचा डबा दिला, आणि रुमालात गुंडाळलेली टोचणी दिली. तिची लाकडी मूठ तिच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, पाऊस वाढतोय, नीघ.

उतार, झुडपं, शेवटचं वळण. आणि समोर जीप.

यावेळी त्याच्याकडे काहीच काम नव्हतं. तो नुसता आला होता. मी हसले आणि, कालपासून मला येतच होतं ना, रिव्हर्स टाकला. मान वळवून, सावकाश, फाटकापर्यंत मागे गेले आणि कडेला लावली. ये म्हटलं, जा पुढे.

कुणी आलं नाही.

काच पुसून पाहिलं तर वाट रिकामी. तोही मागे गेला होता, त्याच्या बाजूच्या जागेपर्यंत, आणि पार तिकडे दूर कडेला उभा राहून मला बोट दाखवत होता. मी इकडून बोट दाखवलं, एकच. तो हलला नाही. मीही हलले नाही. मध्ये सगळी वाट मोकळी पडलेली, आणि तिच्यावर पाऊस नाचत होता.

शेवटी मी दार उघडलं आणि चालत निघाले. वळणापाशी, जिथे पहिल्या दिवशी दोन गाड्यांची नाकं भिडली होती, तिथे थांबले. ती वाट तिथं अर्धी होते. उरलेली अर्धी त्याची होती.

तो उतरला. टोपी गाडीतच राहिली. चालत चालत आला, आणि माझ्यासमोर थांबला.

“पुढच्या शनिवारी पाट्या उतरवतात,” तो म्हणाला. “मातीसाठी ट्रेलर घेऊन येतो.”

“नको. मी आणून देईन.”

“या लाल गाडीतून? ओली माती?”

“आम्ही हॅलम लोक दुसऱ्याची माती ठेवून घेत नाही.”

“आणि दुसऱ्याचा माणूस?” त्यानं विचारलं. चेष्टेतच विचारलं, पण शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज हलला, आणि त्या करड्या डोळ्यांत हसू नव्हतं. पहिल्यांदाच नव्हतं.

मी जराशी मान वर केली. तो उंच होता म्हणून, दुसरं काही नाही.

“माणूस...” मी म्हटलं, “माणूस ठेवून घ्यावा म्हणते.”

त्याच्या भुवईवरून एक थेंब घसरला, गालावर आला, तिथून माझ्या गालावर. पुढचं मी सांगत नाही.

केव्हातरी मागे इंजिन गुरगुरलं. त्याच्या जीपच्या पलीकडे एक ट्रॅक्टर येऊन उभा होता, आणि वर, मेणकापडाच्या कोटात, अँब्रोज फ्लेचर. किती वेळ उभे होते कोण जाणे. हॉर्न दिला नव्हता. आम्ही बाजूला व्हायला लागलो, तर त्यांनी मान हलवली. मग ते जुनं धूड कुरकुरत, धूर सोडत, त्यांनी मुकाट मागे घेतलं – उतार, वळण, पार शेताच्या फाटकापर्यंत – आणि आम्हाला वाट दिली.

मी एक बोट उचललं. त्यांनीही उचललं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत आमचं नाव झालं होतं.